हॉटेल कॅलिफोर्निया गिटारवर शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं हे गाणं १९७६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या त्याच नावाच्या अल्बममधलं. आजही कुणी गिटार हातात घेतली की दोन-तीन महिन्यांत हे कधी वाजवता येईल हा प्रश्न येतोच. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. ज्याला जो नडलाय त्याने तो वाचावा, पण अगदी नवीन असाल तर १ ते ४ क्रमाने वाचा.

१. दादा, मला गिटार घेऊन चार महिने झालेत, हे गाणं आत्ता सुरू करू की अजून थांबू?

जी, डी, ई मायनर, ए मायनर, सी या ओपन कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले जुळते सूर, ओपन म्हणजे काही तारा मोकळ्या ठेवून धरलेल्या) न बघता बदलता येत असतील तर आत्ताच सुरू करा. गाण्याचे तसे दोन भाग समजा, एक कॉर्ड आणि गाणं आणि दुसरा सोलो (शेवटचा नुसत्या गिटारींचा भाग), आणि या दोन्हींत वर्षभराच्या रियाजाचं अंतर आहे म्हणजे पहिला भाग रोज अर्धा तास दिला तर महिनाभरात चांगला बसतो, सोलोला वेळ लागतो आणि लागू द्यावा. बरेच जण उलटं करतात, सोलोचे पहिले चार सूर टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) बघून पाठ करतात आणि मग तिथेच अडकतात कारण खाली कुठली कॉर्ड चाललीये तेच माहीत नसतं. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, आठ कॉर्डचं चक्र आधी अंगात भिनवा, या गाण्यातलं बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं.

२. नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कॉर्ड दिसतात. खऱ्या कुठल्या?

गाणं बी मायनरमध्ये आहे. पेटीच्या भाषेत सा पांढरी सात. व्हर्सचं (कडव्याचं) चक्र आठ बारचं, प्रत्येक कॉर्ड एक बार म्हणजे चार ठोके:

बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प.

कोरसचं (ध्रुवपदाचं) चक्रही आठच बारचं:

जी, डी, एफ शार्प, बी मायनर, जी, डी, ई मायनर, एफ शार्प.

एवढंच आहे. एफ शार्पच्या जागी कुणी एफ शार्प सेव्हन लिहितं, दोन्ही चालतात, सेव्हनने बी मायनरकडे परतायची ओढ जरा जास्त वाटते एवढाच फरक. वेगळ्या दिसणाऱ्या कॉर्ड म्हणजे बहुतेक वेळा कॅपोचा (गिटारच्या गळ्यावर लावून सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याचा) घोळ असतो, तो पुढच्या उत्तरात.

३. मग काही जण ई मायनर, बी सेव्हन, डी, ए असं का वाजवतात? ते चूक आहे का?

चूक नाही, उलट रेकॉर्डवर सुरुवातीला जी बारा तारांची गिटार ऐकू येते ती अशीच वाजवलीये, कॅपो सातव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) लावून. गाण्याची चाल गिटारिस्ट डॉन फेल्डरची, त्याने डेमो केला तो ई मायनरमध्ये, पण गायक डॉन हेन्लीच्या गळ्याला ते बसेना, पट्टी बदलत बदलत बी मायनरवर आली आणि हाताचे शेप तेच ठेवून कॅपो वर सरकला. हे कळलं की सगळा गोंधळ संपतो कारण हात ई मायनर धरतो आणि ऐकू बी मायनर येतं.

कॅपो सातवर असताना व्हर्स: ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. कोरस: सी, जी, बी सेव्हन, ई मायनर, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. यात एकही बार कॉर्ड नाही (एक बोट आडवं टाकून अनेक तारा दाबायची कॉर्ड, हा बार ठोक्यांचा नव्हे)! नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपी पद्धत हीच आणि मूळ रेकॉर्डच्या सगळ्यात जवळची पण हीच, असा योग फार कमी गाण्यांत येतो.

कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावून ए मायनर, ई सेव्हन, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई सेव्हन असंही वाजवतात. बरोबर आहे, आवाज भरीव येतो, फक्त एफ धरता यायला हवा.

४. माझ्याकडे कॅपो नाही आणि बार कॉर्ड लागत नाहीत, तारा नुसत्या टक-टक वाजतात. काय करू?

आधी एक गोष्ट बघा, या गाण्यात लागणारे दोन्ही बार दुसऱ्या फ्रेटवरच आहेत. बी मायनर पाचव्या तारेपासून, एफ शार्प सहाव्या तारेपासून (तारा बारीकपासून मोजायच्या, सहावी सगळ्यात जाड). म्हणजे पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवरून हलतच नाही, सहाव्या तारेपर्यंत जरा वर सरकवायचं आणि बाकीची तीन बोटं एकेक तार वर न्यायची (वर म्हणजे जाड तारेकडे). ही एकच अदलाबदल रोज पाच मिनिटं मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) करा, गाण्यातला निम्मा त्रास तिथेच जातो.

टक-टक वाजण्याचं कारण जवळजवळ नेहमी हे असतं की बोट सपाट पडतं आणि सांध्याच्या खाचेत तार अडकते. बोट थोडं अंगठ्याच्या बाजूला कलंडवा, हाडाची कड लागू द्या, फ्रेटच्या लोखंडी पट्टीला जितकं जवळ जाता येईल तितकं जा, आणि जोर अंगठ्याने चिमटीसारखा न देता कोपर किंचित मागे ओढून द्या. तरी दुखलं तर दहा मिनिटांनी हात खाली सोडून मोकळा करा, मनगट दुखत असेल तर त्या दिवशी बंदच करा.

तोपर्यंत छोटे शेप वापरा. बी मायनर: चौथी आणि तिसरी तार चौथ्या फ्रेटवर, दुसरी तार तिसऱ्यावर, पहिली दुसऱ्यावर, जाड दोन तारा वाजवायच्या नाहीत. एफ शार्प सेव्हन: चौथी तार चौथ्यावर, तिसरी तिसऱ्यावर, दुसरी दुसऱ्यावर, पहिली मोकळी. जिन्यासारखा शेप आहे, एकदा बघितला की लक्षात राहतो. यात लबाडी वगैरे काही नाही, बँडमध्ये बास गिटार असेल तर हे छोटे शेपच जास्त स्वच्छ ऐकू येतात.

५. कॅपो सातव्या फ्रेटवर लावला की गिटार बेसूर होते. गिटार खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. कॅपो तारा दाबताना थोड्या ताणतो, त्यामुळे सूर चढतो, आणि जितकं वर जाल आणि तारा फ्रेटपासून जितक्या उंच असतील तितका जास्त चढतो. तीन गोष्टी करा. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे आणि सरळ लावा, मधोमध नको. लावल्यावर परत ट्यून करा, आणि ट्यूनर क्रोमॅटिक (बाराही सूर ओळखणाऱ्या) मोडवर ठेवा कारण आता मोकळ्या तारा जाड ते बारीक अशा बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी दाखवणार आहेत, ते बघून बरेच जण घाबरतात. आणि स्प्रिंगचा कॅपो फार कडक असेल तर स्क्रूचा वापरून बघा, त्यात दाब कमी-जास्त करता येतो.

हे सगळं करूनही बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर सप्तकभर वर लागत नसेल (ट्यूनरवर तपासा, कॅपो काढून) तर मात्र सेटिंगचा प्रश्न आहे. आधी तारा नवीन टाकून बघा, मग गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्या.

६. स्ट्रमिंग पॅटर्न काय आहे? मी डाऊन डाऊन अप अप डाऊन अप वाजवतो पण गाण्यासारखं वाटत नाही.

पॅटर्न चालेल, वेगाचा हिशोब चुकतोय. गाणं साधारण ७४-७५ बीपीएमचं (मिनिटाला तितके ठोके) आहे, संथ आहे, एक कॉर्ड सव्वातीन सेकंद टिकते. तुमचा पॅटर्न चार ठोक्यांत पसरवला तर गाणं झोपतं. तो दोन ठोक्यांत बसवा, म्हणजे एका कॉर्डवर पॅटर्न दोनदा येईल, आणि हात मनगटातून सैल, खाली-वर सतत हलता ठेवा, तारांना लागो न लागो.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. या गाण्याला सुरुवातीला बँडमध्ये 'मेक्सिकन रेगे' असं कामचलाऊ नाव होतं आणि ते ऐकूनच सगळं समजतं. जोर पहिल्या ठोक्यावर नाही, दोन आणि चारवर आहे, जिथे ड्रमचा स्नेअर पडतो. आणि इलेक्ट्रिक गिटारचा जो तुटक चक-चक आवाज मध्ये येतो तो ठोक्यांच्या मधल्या जागेत. घरी असं करा: पायाने एक-दोन-तीन-चार धरा, फक्त दोन आणि चारवर कॉर्ड वाजवा, लगेच डावा हात सैल सोडून आवाज तोडा. पाच मिनिटं असं चक्र फिरवलं की मग पूर्ण पॅटर्नवर या, फरक स्वतःलाच ऐकू येईल. तबला वाजवणारं कुणी सोबत असेल तर केरव्याचं एक आवर्तन म्हणजे एक कॉर्ड असं धरून बसा, फार मजा येते आणि लय पक्की होते.

७. सुरुवातीचं पिकिंग शिकायला बारा तारांची गिटार घ्यावीच लागेल का?

अजिबात नाही. बारा तारांचा तो चमचमणारा आवाज येतो कारण जाड चार तारांच्या जोडीला सप्तकभर वरची बारीक तार असते आणि बारीक दोन तारा जोडीने त्याच सुरात असतात. तुमच्या सहा तारांच्या गिटारवर कॅपो सातवर लावला की त्या चमकेचा बराच भाग आपोआप येतो. घरात दोन गिटार असतील तर आणखी छान, एकाने कॅपो सातवर पिकिंग करायचं आणि दुसऱ्याने बिनकॅपो बी मायनरवाले शेप हळू वाजवायचे. दोन साध्या गिटारी मिळून इतका भरीव आवाज येतो की ऐकणारे मान वळवून बघतात.

पिकिंगची सोपी सुरुवात: कॉर्डची मूळ जाड तार अंगठ्याने, मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी असं खाली-वर. अंगठ्याची तार कॅपो सातवाल्या शेपमध्ये अशी: ई मायनर आणि जी सहावी, डी चौथी, बाकी सगळ्या (बी सेव्हन, ए, सी, ए मायनर) पाचवी. हे अंगठ्याचं गणित आधी एकटंच पाठ करा, बाकी बोटं न वापरता. रेकॉर्डमधली नेमकी नक्षी यापेक्षा दाट आहे, ती नंतर ०.७५ स्पीडवर ऐकून एकेक बार उतरवा. यूट्यूबवर स्पीड कमी केला तरी पट्टी बदलत नाही, त्यामुळे सोबत वाजवता येतं.

८. मी व्हर्स वाजवता वाजवता कोरसमध्ये घुसतो, किंवा उलट. सगळ्यांचं होतं का असं?

हो, आणि कारण कॉर्डमध्येच आहे. जी-डी ही जोडी दोन्हीकडे येते. व्हर्समध्ये जी-डीनंतर ई मायनर येतो. कोरसमध्ये पहिल्या जी-डीनंतर एफ शार्प आणि बी मायनर, दुसऱ्या जी-डीनंतर ई मायनर. म्हणजे चुकायची जागा एकच आहे, कोरसची पहिली ओळ. तेवढे चार बार वेगळे काढून वीसदा वाजवा.

आणि पूर्ण गाण्याचा नकाशा चक्रांमध्ये मोजा: इंट्रो २, पहिलं कडवं २, कोरस १, दुसरं कडवं २, कोरस १, तिसरं कडवं २, मग सोलो ५. एक चक्र २६ सेकंदांच्या आसपास, एकूण पंधरा, साडेसहा मिनिटं बरोबर भरतात. ५२ व्या सेकंदाला गायन सुरू होतं आणि ४ मिनिटं २० सेकंदाला सोलो, घड्याळ लावून बघा.

इथेच सगळ्यात कॉमन चूक आहे: तिसऱ्या कडव्यानंतर कोरस नाही. सवयीने हात जी कॉर्डवर जातो, गाणारा तोंड उघडतो, आणि लीडवाला (सोलो वाजवणारा) बी मायनरवर सोलो सुरू करतो. तालमीत हे एकदा मोठ्याने बोलून ठरवून घ्या.

९. वाजवता येतं, गाता येतं, पण दोन्ही एकदम केलं की हात थांबतो.

हात अजून विचार करून वाजतोय. कसोटी अशी घ्या, चक्र वाजवत कुणाशी तरी गप्पा मारा, आज जेवायला काय केलं वगैरे. न अडखळता बोलता आलं की गायला तयार. मग आधी शब्द न गाता नुसती चाल गुणगुणा, त्यावेळी स्ट्रमिंग अगदी साधं ठेवा, एका ठोक्याला एक डाऊन. मग शब्द, मग पॅटर्न. प्रत्येक ओळीचा कुठला शब्द कॉर्ड बदलताना येतो तो वहीत अधोरेखित करा. कोरस त्यामानाने लवकर बसतो, तिथून सुरू केलंत तरी हरकत नाही.

१०. माझा आवाज तिथपर्यंत पोचत नाही. पट्टी खाली कशी आणू?

शेप तेच ठेवा, कॅपो खाली आणा. ई मायनरवाले शेप कॅपो पाचवर लावले की ए मायनर, तीनवर लावले की जी मायनर. ए मायनरसाठी कॅपो न लावता प्रश्न ३ मधले दुसरे शेप (ए मायनर, ई सेव्हन…) सुद्धा आहेतच. हेन्लीची पट्टी पुरुषांच्या आवाजाला उंचच आहे, खाली आणण्यात काही कमीपणा नाही, ओढून गाण्यापेक्षा कितीतरी बरं. मुलींनी मात्र आधी मूळ पट्टीत गाऊन बघा, बऱ्याच जणींना ती आरामात बसते.

एकच अपवाद, सोलो टॅबवरून पाठ केलेला लीडवाला सोबत असेल तर त्याला आधी विचारा, कारण पट्टी बदलली की त्याचे सगळे फ्रेट सरकतात.

११. सर, सोलो कधी सुरू करू आणि कुठून?

चक्र डोळे मिटून वाजायला लागलं की. सोलो पाच चक्रांचा आहे: पहिलं फेल्डर, दुसरं ईगल्सचाच दुसरा गिटारिस्ट जो वॉल्श, तिसऱ्यात दोघं आलटून पालटून, आणि शेवटची दोन दोघं मिळून हार्मनीत. सगळा एकदम घेऊ नका. मी तर शेवटच्या हार्मनीपासून सुरू करायला सांगतो (प्रश्न १४), कारण ती ऐकायला सगळ्यात भारी आणि समजायला सगळ्यात सोपी आहे. त्यानंतर पहिलं चक्र दोन-दोन बारचे तुकडे करून. प्रत्येक तुकडा आधी तोंडाने गाता आला पाहिजे, मग बोटाने. गाता येत नाही तो तुकडा बोटात आला तरी कोरडाच वाजतो.

१२. मी बी मायनर पेंटाटोनिकमध्ये स्वतःचा सोलो वाजवतो, सगळं छान जातं पण दुसऱ्या कॉर्डवर काहीतरी खटकतं. का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण ज्याला हे खटकतं त्याचा कान तयार होतोय. बी हा सा धरा. मायनर पेंटाटोनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, थोडक्यात धानीचे सूर. आता एफ शार्प कॉर्डचे सूर बघा: एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, म्हणजे प, शुद्ध नि, रे. कॉर्ड शुद्ध निषाद वाजवतेय आणि तुम्ही त्यावर कोमल निषाद धरून बसलाय, खटकणारच.

लगेच पुढे ए कॉर्ड येते, तिचा मूळ सूरच कोमल नि. म्हणजे एका बारमध्ये शुद्ध निषाद आणि पुढच्यात कोमल. धैवताचंही तेच, ई कॉर्डमध्ये जी शार्प म्हणजे शुद्ध ध, पुढच्या जी कॉर्डमध्ये कोमल ध. दोन्ही निषाद, दोन्ही धैवत, आणि ते कॉर्डच्या क्रमाने बदलत जातात! या चक्राची सगळी गोडी इथे आहे, आणि म्हणून एकच स्केल धरून वर-खाली पळणारा सोलो या गाण्यावर उपरा वाटतो. रेकॉर्डवरच्या दोघांनी खालची कॉर्ड धरूनच सूर निवडलेत.

सुरुवातीला इतकंच करा, एफ शार्पचा बार आला की ए सोडून ए शार्पवर थांबा (पहिल्या तारेवर सहावा फ्रेट) आणि चक्राच्या शेवटच्या एफ शार्पवरून तो सातव्या फ्रेटच्या बीवर सोडा. एवढ्या एका सुराने तुमचा सोलो गाण्यात येऊन बसेल.

१३. बेंड सुरात लागत नाहीत.

बेंड म्हणजे तार ढकलून सूर चढवणं, म्हणून आधी पोचायचा सूर ऐका. उदाहरणार्थ दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट म्हणजे ए, पूर्ण बेंड केला की बी. आधी बाराव्या फ्रेटवर बी वाजवा, कानात ठेवा, मग दहाव्यावरून ढकलत तिथे न्या. तिसऱ्या बोटाने बेंड करताना पहिलं आणि दुसरं त्याच तारेवर मागे टेकवून ठेवा, जोर बोटाचा नसतो, मनगट फिरतं. इलेक्ट्रिकवर ९ किंवा १० च्या तारा (आकडा तारेच्या जाडीचा) ठीक. अकूस्टिकवर १२ च्या तारा असतील तर पूर्ण बेंड फार जड जातो, तिथे बेंडऐवजी दोन फ्रेट स्लाइड करा, वाईट वाटत नाही.

१४. शेवटची दोन गिटारांची हार्मनी एकट्याने कशी वाजवू?

तिथे जे ऐकू येतं ते म्हणजे तीच आठ कॉर्ड सुटी करून, एकेक सूर वरून खाली येत. बी मायनर: बी, डी, एफ शार्प. एफ शार्प: एफ शार्प, ए शार्प, सी शार्प. ए: ए, सी शार्प, ई. ई: ई, जी शार्प, बी. जी: जी, बी, डी. डी: डी, एफ शार्प, ए. ई मायनर: ई, जी, बी. बारीक तीन तारांवर सातव्या फ्रेटच्या आसपास हे तीन-तीन सूर शोधा, टॅब न बघता. एक संध्याकाळ जाईल पण ती सार्थकी लागेल.

दोन गिटार एकाच कॉर्डचे वेगवेगळे सूर घेऊन सोबत चालतात, त्यामुळे एकटे असाल तर वरची ओळ घ्या, कान तिच्याकडेच जातो. किंवा फोनवर खालची ओळ रेकॉर्ड करून त्यावर वरची वाजवा. मित्र असेल तर दोघांनी पिकचे फटके सुद्धा एकसारखे ठरवा, नाहीतर सूर बरोबर असूनही फाटलेलं ऐकू येतं.

१५. माझ्याकडे नायलॉन तारांची क्लासिकल गिटार आहे. यावर शोभेल का?

शोभेल काय, ईगल्सने १९९४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन केलेल्या कार्यक्रमात हे गाणं अकूस्टिक केलं, त्यात फेल्डर नायलॉनवरच वाजवतो. सुरुवात स्पॅनिश वळणाची आहे आणि आपल्याकडे पुष्कळ जणांच्या कानात तेच रूप बसलंय. म्हणून शिकताना आधी ठरवा कुठलं रूप शिकताय, १९७६ चं की १९९४ चं, एकाचा इंट्रो आणि दुसऱ्याचा सोलो असा टॅब उचलला की जुळत नाही.

क्लासिकल गिटारचा गळा सपाट आणि रुंद असतो म्हणून कॅपोही सपाट लागतो, वाकडा कॅपो मधल्या तारा सोडतो. स्टीलच्या तारा मात्र या गिटारवर चढवू नका, ताण सहन न होऊन ब्रिज उखडतो.

१६. गॅदरिंगला वाजवायचंय पण पाच मिनिटंच मिळतात, आणि रेकॉर्डवर तर शेवट हळूहळू विरतो. संपवायचं कसं?

इंट्रो एकच चक्र घ्या, तिसरं कडवं पूर्ण ठेवा (त्याच्याशिवाय सोलोला अर्थ नाही), दुसरं कडवं आणि त्यानंतरचा कोरस गाळा. सोलो तीन चक्रांचा करा: पहिलं, आणि हार्मनीची दोन. म्हणजे नऊ चक्रं, चार मिनिटांच्या आत. एक-दोन चक्रं वाढवली तरी बसतं, वाढवायची असतील तर सोलोत वाढवा.

शेवट स्टेजवर विरवता येत नाही, ठरवावा लागतो. शेवटच्या चक्रातल्या ई मायनरवर सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं, एफ शार्पचे चार ठोके किंचित ओढायचे, ड्रमवाल्याच्या इशाऱ्यावर बी मायनर एकदाच, सगळ्यांनी एकत्र, आणि तारा हाताने न दाबता तो आवाज पूर्ण मरेपर्यंत तसंच उभं राहायचं.